तिसऱ्या ढिगाऱ्याची माती

उल्कानं छिन्नी भेगेत बसवली, चष्मा वर सरकवला आणि हातोडीचा घाव घातला. दगड हलला नाही. तिनं छिन्नी बोटभर सरकवून पुन्हा घाव घातला. चौथ्या घावाला दगड उकलला, आणि आतूनही तो बाहेरच्यासारखाच निघाला, करडा आणि कोरडा. दोन्ही तुकडे तिनं भिंगाखाली धरून उलटसुलट पाहिले आणि डावीकडच्या ढिगात टाकले. तो ढीग एव्हाना गुडघ्याला लागला होता. उजवीकडे, ठेवण्याजोग्या दगडांसाठी अंथरलेल्या पंचावर, पाण्याची बाटली आणि अर्धी दशमी एवढंच होतं.

“आई, नव्वदच्या वर गेलंय टेम्परेचर,” ढिगाऱ्याच्या पायथ्याशी छत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसलेली चारुता म्हणाली. “आर यू डन?”

“गेट तीनला बंद होतं ना? मग तीनपर्यंत आहे मी.”

“लास्ट सॅटरडेला पण तू हेच म्हणालीस.”

“लास्ट सॅटरडेला पुढचा सॅटरडे होता. आज तो नाही.”

चारुतानं मान हलवून पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं. तीन आठवडे दर शनिवारी ती फीनिक्सहून अडीच तास ड्राइव्ह करून आईला इथं आणत होती. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात वरवंट्यापलीकडे दगड न उचललेल्या आपल्या आईला हे काय सुचलं आहे, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती फार वाद घालत नव्हती.

ज्युबिलीची तांब्याची खाण बंद पडून वीस वर्षं झाली होती. पण खाणीतून उपसून टाकलेल्या दगडांचे पाच ढिगारे पालो सेको गावाबाहेरच्या वाळवंटात तसेच उभे होते. हिवाळाभर दर शनिवारी हौशी लोकांना तिथं सोडत. बादलीत मावेल तेवढं न्यायचं. आता कुणी नवी कंपनी हे ढिगारे दळून त्यांतलं उरलंसुरलं तांबं काढणार होती आणि सोमवारपासून कुंपणाला कुलूप लागणार होतं. उल्का पहिल्या शनिवारपासून तिसऱ्या ढिगाऱ्यावरच बसत होती. गोष्टीत तिसरा ढिगारा होता.

ती गोष्ट टेक्ससला उल्का राहायची त्या शुगर लँडमधल्या मराठी घरांत सगळ्यांना पाठ होती. सत्त्याऐंशी सालचा मार्च. उल्काचा नवरा गुरुनाथ तेव्हा टेक्ससमध्ये इंजिनिअरिंग शिकत होता आणि लग्नाला आठ महिने होऊनही उल्का व्हिसाची वाट बघत नागपुरातच होती. सुटीत तो तीन मित्रांबरोबर अ‍ॅरिझोनाला आला. तीन दिवस उन्हात ढिगारे उकरले. आणि तिसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजता, तिसऱ्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, त्याची हातोडी ‘ठण्‌’ वाजली. इथं गुरुनाथ नेहमी थांबायचा आणि चमच्यानं ताटावर ‘ठण्‌’ वाजवून दाखवायचा. मग मातीतून झाड निघायचं. पंजाएवढं, फांद्याफांद्यांचं, जमिनीच्या पोटात आपोआप घडलेलं तांब्याचं झाड, आणि त्याच्या अंगावर मॅलाकाइट खनिजाची हिरवीगार मखमल.

पुढच्याच आठवड्यात उल्का ह्यूस्टनला उतरली. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये गुरुनाथनं वर्तमानपत्राचं पुडकं तिच्या हातात दिलं. ते सोडताना ओंजळभर माती घरातल्या एकुलत्या एक चादरीवर सांडली. तो म्हणाला, “माती तशीच ठेवलीय. तुझ्यासमोर काढायची होती.” त्या पहिल्या वर्षात नागपूरच्या आठवणीनं तिचे डोळे सारखे भरून येत. मग ते झाड हातात घेऊन ती बसायची. कुणीतरी आपल्यासाठी तीन दिवस वाळवंट उकरलं, या विचारानं तिला बरं वाटायचं.

त्या झाडापासून पुढं दोनशे दगड झाले. बैठकीची एक भिंत काचेच्या कपाटानं भरली. प्रत्येक दगडाखाली गुरुनाथच्या सुबक अक्षरातलं कार्ड: काय आहे, कुठल्या खाणीतलं, केव्हाचं, कुणी शोधलं. “लेबल नाही तो दगड बेवारशी,” तो म्हणायचा, “आणि लेबल खोटं, तर दगडही खोटा.” उल्काला दगडांतलं काही कळत नव्हतं, पण हे तिला शंभर टक्के पटायचं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिनं पंचवीस वर्षं नोकरी केली होती. लेबल चुकलेली रक्ताची नळी तिनं कधी पुढं जाऊ दिली नाही, मग डॉक्टर कितीही ओरडोत. बाकी तिचा हिशेब सरळ होता. तुमचे दगड तुम्ही सांभाळा, माझे देव मी सांभाळते.

आणि तिनंच ते झाड घासलं.

गेल्या गणपतीच्या आधीचा आठवडा होता. गुरुनाथ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये. उल्कानं ताम्हन, पळी, पंचपात्र, तांब्या, सगळं तांब्याचं बाहेर काढलं आणि चिंच भिजत घातली. कपाटाकडे लक्ष गेलं तर झाडावर किती तो हिरवा थर. शुगर लँडची दमट हवा, त्यात वर्षापूर्वी त्याच भिंतीतला पाइप गळला होता. तांब्याला हिरवं चढलं म्हणजे ते कळकलं, हे लहानपणी आईकडून शिकलेलं. गोष्टीतली मखमल वेगळी आणि हा वरून चढलेला कळंक वेगळा, असंच तिनं धरलं. नवरा घरी येईल तेव्हा त्याचं लाडकं झाड लखलखीत दिसावं, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं ते दोन तास चिंचेच्या कोळात ठेवलं आणि मग जुन्या टूथब्रशनं फांदी न्‌ फांदी घासली. बुडाला चिकटवलेला फेल्टच्या जाड कापडाचा तुकडा सुटून आला. त्याच्याखाली पांढऱ्या रंगाचा ठिपका होता आणि त्यावर निळ्या शाईत बारीक आकडा, दोनशे सतरा. गुरुनाथ सगळ्याच दगडांवर आकडे घालायचा, त्यामुळे तिला काही विशेष वाटलं नाही. तिनं चारी बाजूंनी फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यात आधी चारुताचा मेसेज आला: आई, व्हॉट डिड यू डू.

गुरुनाथ घरी आला, वॉकर धरून कपाटासमोर उभा राहिला. तिनं झाड त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटं केलं आणि बुडाकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

“छान निघालंय,” तो म्हणाला आणि ते जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फेल्टचा नवा तुकडा कापून बुडाला चिकटवला. आणि त्या दिवसापासून गोष्ट सांगायचं सोडलं. दिवाळीच्या फराळाला शेजारचा निमिष म्हणाला, “काका, ठण्‌ होऊन जाऊ दे.” निमिष दहा वर्षांचा असल्यापासून ती गोष्ट ऐकत आला होता, आता त्याचं लग्न झालं होतं. गुरुनाथनं करंजी मोडत म्हटलं, “जुनं झालं रे ते.” उल्का गॅसपाशी उभी होती, तिथंच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तो रागावला असता, दोन शब्द बोलला असता, तर तिनं ऐकून घेतले असते. पण तो चकार शब्द बोलला नाही. मग तिनं त्याचीच पुस्तकं काढून वाचली. ती हिरवी मखमल चढायला हजारो वर्षं लागतात आणि ती पुन्हा चढवता येत नाही, हे तिला कळलं. पुस्तक मिटून तिनं ठरवलं की तीच खाण, तोच ढिगारा, आणि दुसरं झाड. गुरुनाथला सांगितलं की चारुतानं किचनचं काम काढलंय, तिच्या मदतीला जाते. त्याचा गुडघा आता चालता झाला होता. त्याला डबा लावून दिला आणि ती निघाली.

साडेबाराला बाटली रिकामी झाली तेव्हा ती ढिगारा उतरून गेटपाशी आली. गेटला लागूनच एक जुनं लाकडी दुकान होतं. पाट्या उतरवून झाल्या होत्या आणि लूपे शेल्फवरचे दगड कागदात गुंडाळून खोक्यांत भरत होती. लूपे पन्नाशीची, इथंच जन्मलेली. दुकान तिच्या वडिलांचं. शनिवारी गेटवर नावं लिहून घ्यायचं कामही तीच करायची. तिचं इंग्रजी स्पॅनिश वळणाचं, उल्काचं नागपुरी वळणाचं. तीन शनिवारांत दोघींचं चांगलं जमलं होतं.

“सिन्योरा, आज तरी सांग,” बाटली भरून देत लूपे म्हणाली. “तू शोधतेयस तरी काय? लोक एका तासात निळं-हिरवं काहीबाही घेऊन खूश होऊन जातात. तू ते फेकून देतेस.”

इतके दिवस उल्का नुसतं ‘तांबं’ म्हणत होती. आता तिनं फोन काढला आणि झाडाचा घासण्याआधीचा, हिरवा फोटो दाखवला.

लूपेनं हातातला दगड खाली ठेवला.

“हे ज्युबिलीचंच,” ती म्हणाली. “अशी फांदी दुसऱ्या कुठल्या खाणीत निघत नाही. पण हे ढिगाऱ्यावर नाही मिळायचं.”

“मिळालंय. माझ्या नवऱ्याला मिळालं होतं. तिसऱ्या ढिगाऱ्यावर, सत्त्याऐंशी साली.”

लूपे अंगठ्यानं पुढचे फोटो सरकवू लागली. लखलखीत फांद्या, मग डावी बाजू, मग उजवी. मग बूड. तिथं ती थांबली आणि दोन बोटांनी तो फोटो मोठा केला.

“हा सात माझा आहे,” ती म्हणाली.

उल्काला कळेना.

“सातला मी मधे आडवी रेघ द्यायचे आणि शेपटी अशी आत वळवायचे. शाळेत बाई ओरडायच्या त्यावरून. दुकानात आलेल्या दगडाला वडील पांढरा ठिपका लावायचे आणि आकडा मी घालायचे. चौदा वर्षांची होते मी.” तिनं नुकताच गुंडाळलेला एक दगड सोडला आणि उलटा करून उल्कासमोर धरला. पांढरा ठिपका, निळी शाई, एकशे सत्त्याहत्तर. दोन सात शेजारी शेजारी, दोघांच्या शेपट्या आत वळलेल्या.

पंचवीस वर्षांत उल्कानं नळ्यांवरच्या अक्षरावरून नर्सेस ओळखल्या होत्या. तिनं भिंग काढून एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा फोनकडे. शंकेला जागा नव्हती.

“असली झाडं खाली होती, सातशे फुटांवर,” लूपे हळू आवाजात सांगू लागली. “कामगार ती जेवणाच्या डब्यात लपवून वर आणायचे. माझा रमोनकाकाही आणायचा. हे त्यानंच आणलं असेल. ढिगाऱ्यावर यायचं ते कुणालाच नको असलेलं.”

आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार. तीन शनिवार उल्का रिकाम्या आडात पोहरा सोडून बसली होती.

“तुझा नवरा बारीक होता का? मिशीवाला?” लूपेनं विचारलं. “चार इंडियन मुलं आली होती, तीन दिवस होती. आमच्या गावात तेव्हा कुणी इंडियन पाहिलेलं नव्हतं, म्हणून लक्षात आहे. तिघांना काही ना काही सापडलं. त्याला काहीच नाही. शेवटच्या दिवशी तो दुकानात आला आणि हे घेतलं. मग बाहेर जाऊन रुमालात ढिगाऱ्याची माती घेऊन आला आणि चोळचोळून सगळ्या फांद्यांत भरली. वडील हसायला लागले. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, माझी बायको यायची आहे.” लूपेनं दगड पुन्हा कागदात गुंडाळला. “मला तेव्हा तो बावळट वाटला होता.”

उल्कानं बाटली उचलली, थँक यू म्हणाली आणि उन्हात आली.

आधी तिला आला तो राग. अडतीस वर्षं. अडतीस वर्षं त्या ‘ठण्‌’वर तिनं गरम फुलके वाढले होते. लोक हसले की तीही हसली होती, आणि लोकांना दिसणार नाही अशा बेतानं डोळे पुसले होते. लेबल खोटं तर दगड खोटा, हे तिलाच ऐकवत होता हा माणूस. तिनं फोन काढून गुरुनाथचं नाव शोधलंसुद्धा. गुडघे दुखत होते, तळहाताला फोड आले होते. हे सगळं एका थापेपायी झालं, हे त्याला आत्ताच्या आत्ता ऐकवायचं तिच्या अगदी ओठावर आलं.

अंगठा नावावर असतानाच तिला तो दिवस आठवला. वॉकर धरून उभा असलेला गुरुनाथ. त्यानं झाड हातात घेतलं होतं ते फांद्या बघायला नव्हे. हिरवं कुठं गेलं, याकडे त्याचं लक्षही गेलं नव्हतं. त्यानं ते आधी उलटं केलं होतं आणि पाहत राहिला होता तो बुडाकडे, जिथं फेल्ट नव्हतं आणि आकडा उघडा पडला होता.

म्हणजे त्याला वाटलं, हिला कळलं.

सात महिने ती हिरव्या रंगापायी झुरत होती आणि तो आकड्यापायी. ती वाट बघत होती की हा कधी बोलतोय, आणि तोही बिचारा रोज सकाळी चहाच्या वेळी वाट बघत होता की ही कधी विचारतेय. फराळाच्या दिवशी ‘जुनं झालं’ म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं होतं. ती नजर तिनं रुसव्याची समजली होती. ती भीतीची होती.

उल्का ढिगाऱ्याच्या पायथ्याशी उभ्या उभ्या हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, तेव्हा तिनं पदर शोधला आणि आपण जीन्समध्ये आहोत हे लक्षात येऊन बाहीनंच पुसले.

“आई? काय झालं? शुड वी गो?” चारुता लॅपटॉप बंद करून उठली.

“वाजले किती?”

“सव्वा. लूपे काय म्हणाली?”

“असं झाड ढिगाऱ्यावर मिळत नाही म्हणाली. कधीच मिळत नव्हतं.”

चारुतानं तिच्याकडे पाहिलं. तिला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. “वेट. मग बाबा—”

“बाबांना काही बोलायचं नाही. कळलं?”

“ओके. पण मग आता कशाला वर जातेस? इट्स ओव्हर, यार आई.”

“झाड मिळणार नाही,” हातमोजे चढवत उल्का म्हणाली. “पण पावणेदोन तास आहेत अजून. आपल्या घरातल्या कुणीतरी या ढिगाऱ्यावर खरोखर काहीतरी शोधायला नको का?”

चारुतानं छत्री मिटली, दुसरी हातोडी घेतली आणि आईच्या मागोमाग चढली. तासभर दोघी दगड फोडत राहिल्या. आधी जे दगड बघून न बघितल्यासारखे टाकून दिले होते, तेसुद्धा उल्का आता भिंगाखाली धरत होती. कुणालाच नको असलेलं, असं लूपे म्हणाली होती. ते नीट पाहायला तिनं प्रथमच सुरुवात केली होती.

अडीचच्या सुमाराला एक आवळ्याएवढा खडा हाताला लागला. ‘ठण्‌’ वगैरे काही वाजलं नाही. मातीनं माखलेला खडा होता, एका कडेला निळसर-हिरवी साय धरलेली. तिनं भिंग लावलं. त्या सायीत तांब्याची एक तार होती, तांदळाच्या दाण्याएवढी, टोकाशी जराशी दुभंगलेली. उल्कानं खडा चारुताच्या हातात दिला.

“धिस?” चारुता म्हणाली. मग भिंगातून पाहून थोड्या वेळानं म्हणाली, “क्यूट आहे, अ‍ॅक्चुअली.”

“डोंगर पोखरून उंदीर,” उल्का म्हणाली. “पण उंदीर माझा आहे.”

गेटपाशी लूपे सगळ्यांचे दगड बादलीतल्या पाण्यात विसळून देत होती. तिनं या खड्यासाठीही हात पुढं केला. उल्कानं मूठ मिटली.

“धुवू नकोस,” ती म्हणाली.

लूपेनं तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. मग वर्तमानपत्राचं एक पान फाडून खडा मातीसकट गुंडाळून दिला. “बावळट नव्हता तो,” ती म्हणाली.

मंगळवारी दुपारी उल्का शुगर लँडला पोचली. गुरुनाथनं चहा करून ठेवला होता. साखर जास्त झाली होती. दोघं डायनिंग टेबलाशी बसले. कपाटात समोरच झाड होतं, सात महिन्यांत जरासं तपकिरी पडलेलं.

“झालं का चारुताच्या किचनचं काम?”

“किचनचं काम नव्हतंच. मी खोटं सांगितलं तुम्हाला.” तिनं पर्समधून पुडकं काढून टेबलावर ठेवलं. “पालो सेकोला गेले होते. तीन शनिवार. ज्युबिलीला, तिसऱ्या ढिगाऱ्यावर. तुमचं झाड मी बिघडवलं, म्हणून दुसरं आणायला गेले होते.”

गुरुनाथनं कप बशीत ठेवला. तिच्याकडे न बघता त्यानं पुडक्याकडे पाहिलं. त्याचे हात मांडीवरच राहिले.

“सोडा ना,” ती म्हणाली.

त्यानं कागद सोडला. पिवळट माती टेबलावर सांडली, त्यातला खडा घरंगळून बशीला टेकला. त्यानं सवयीनं खिशातलं भिंग काढलं, खडा फिरवला आणि त्याला तार सापडली. मग त्याची नजर मातीवर गेली.

“धुतलं नाहीस,” तो म्हणाला.

“नाही. माती तशीच ठेवलीय. तुमच्यासमोर काढायची होती.”

त्यानं भिंग खाली ठेवलं. मग टेबलाचा आधार घेत तो उठला, नवा गुडघा जपत कपाटापर्यंत गेला आणि एक कोरं कार्ड, पुठ्ठ्याची छोटी पेटी आणि झाडाखालचं जुनं कार्ड घेऊन परत आला. कोऱ्या कार्डावर त्यानं लिहिलं: तांब्याची तार असलेला खडा, ज्युबिली खाण, पालो सेको, अ‍ॅरिझोना. मार्च २०२५. उल्कानं शोधला. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही. मग जुनं कार्ड पुढं ओढून त्याच्या शेवटच्या ओळीवर, ‘स्वतः शोधलेलं’ या शब्दांवर, त्यानं पेन टेकवलं.

“उल्का, हे झाड मी—”

“दुपारी दोन वाजता,” ती म्हणाली, “तिसऱ्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी. पाठ आहे मला.”

तिनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि कार्ड आपल्याकडे वळवलं. ओळ चुकीची होती. पंचवीस वर्षांत तिनं अशी एकही ओळ पुढं जाऊ दिली नव्हती. तिनं तिला हात लावला नाही. तिच्याखाली जागा होती, तिथं लिहिलं: ऑगस्ट २०२४, चिंचेनं घासलं. उल्का.

“लेबल पुरं असावं,” ती म्हणाली आणि कार्ड त्याच्याकडे सरकवलं.

गुरुनाथनं ते वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं तो खुर्चीत मागं टेकला.

“किती वेळ ठेवलं होतंस चिंचेत?”

“दोन तास.”

“तरीच,” तो म्हणाला. मग खडा पुन्हा उचलून त्यानं तो उजेडाकडे धरला. “हा सापडला तेव्हा ठण्‌ वाजलं?”

“नाही.”

गुरुनाथनं खडा जपून खाली ठेवला.

“माझ्याही वेळी नव्हतं वाजलं,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे,” उल्का म्हणाली. तिनं टेबलावर सांडलेली माती हाताच्या कडेनं एका जागी गोळा केली आणि खड्यासाठी आणलेल्या पुठ्ठ्याच्या छोट्या पेटीत भरली. मग कप उचलले. दुसरा चहा तिनं स्वतः केला, बेताच्या साखरेचा.